घर बांधताना समोरचा फुटपाथ तुटला तर जबाबदारी कोणाची? पायाखोदाईच्या आधीपासून भोगवटा पत्रापर्यंत काय काय करायचं

जुना बंगला पाडून नवं घर बांधायला घेतलं की सगळं लक्ष नकाशा, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) आणि स्टील-सिमेंटच्या भावाकडे जातं. फाटकासमोरचा फुटपाथ कोणाच्याच यादीत नसतो. घर उभं राहतं तोवर समोरचे कर्ब स्टोन, म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड, आडवे झालेले असतात, पेव्हर ब्लॉक खचलेले असतात, पावसाळी चेंबर सिमेंटनं बुजलेलं असतं आणि शेजारच्या आजी दूध आणायला भर रस्त्यातून चालत असतात. मी लहान घरांच्या साइटवर देखरेखीचं काम करतो. हे नुकसान जवळपास प्रत्येक साइटवर होतं आणि त्यातलं बरंचसं टाळता येतं, हे मी अगदी खात्रीनं सांगू शकतो.

आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर. तुमच्या बांधकामामुळे फुटपाथ मोडला असेल तर महापालिकेच्या लेखी जबाबदार तुम्ही, म्हणजे बांधकाम परवानगी ज्याच्या नावावर आहे तो. ट्रक खडीवाल्याचा असो, मिक्सर आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) कंपनीचा असो की जेसीबी ठेकेदाराचा, नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. ठेकेदाराकडून ते पैसे वसूल करायचे की नाही हा तुमच्या दोघांतला व्यवहार. म्हणूनच तो व्यवहार काम सुरू होण्याआधी कागदावर आणायचा असतो.

कायदा काय म्हणतो

मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे, राज्यातल्या इतर महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, आणि नगरपरिषदांना १९६५ चा वेगळा कायदा. मुंबईच्या कायद्याचं कलम ३२२ अगदी स्पष्ट आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्याची जमीन किंवा फरसबंदी उकरायची नाही, तिला इजा करायची नाही, रस्त्यावर बांधकामाचं साहित्य टाकायचं नाही आणि परांची किंवा तात्पुरता आडोसाही उभारायचा नाही. त्याच कायद्याचं कलम ३२४ सांगतं की ज्यानं रस्ता उकरला त्यानं काम लवकर संपवून तो आयुक्तांचं समाधान होईल असा पूर्ववत करायचा. त्यानं केला नाही तर महापालिका करते आणि खर्च त्याच्याकडून घेते. १९४९ च्या कायद्यातही याच आशयाच्या तरतुदी आहेत. कायद्याच्या नजरेत फुटपाथ हा रस्त्याचाच भाग आहे.

बऱ्याच लोकांचा एक गैरसमज असतो, तो असा की नकाशा मंजूर झाला म्हणजे समोर वाळू टाकायचीही परवानगी मिळाली. बांधकाम परवानगी तुमच्या प्लॉटच्या हद्दीपुरती असते. हद्दीच्या भिंतीबाहेर जे काही करायचं त्याला पथ विभागाची किंवा वॉर्ड ऑफिसची वेगळी परवानगी लागते. लहान प्लॉटवर परवानगीची प्रक्रिया सोपी झाली असली तरी या नियमात फरक पडलेला नाही.

याखेरीज सार्वजनिक वाटेत अडथळा किंवा धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंही म्हटलं आहे की अडथळे नसलेला आणि अपंगांना वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तेव्हा चार महिने फुटपाथवर वाळूचा ढीग ठेवणं ही शेजाऱ्यांची थोडीशी गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

पायरी १: काम सुरू होण्याआधी फुटपाथची नोंद करा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच. जुनं बांधकाम पाडायला पहिला जेसीबी येण्याआधी प्लॉटसमोरचा आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंतचा फुटपाथ टिपून ठेवा. जीपीएस कॅमेऱ्याच्या ॲपनं फोटो काढले की तारीख आणि जागा फोटोवरच उमटते. एक सलग व्हिडिओ काढा, त्यात प्रत्येक चेंबरचं झाकण, कर्ब स्टोन, विजेचा फीडर पिलर (फुटपाथवरची विजेची पेटी), झाड आणि आधीच तुटलेले ब्लॉक जवळून दिसू द्या. फुटलेल्या ब्लॉकशेजारी टेप धरून फोटो घेतलात तर पुढे मोजमापावरून वाद होत नाही.

मग क्षेत्रीय कार्यालयाच्या कनिष्ठ अभियंत्याच्या नावे एक साधं पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर एवढा पुरे:

«प्लॉट क्रमांक अमुक येथे आमचे घराचे बांधकाम अमुक तारखेस सुरू होत आहे. समोरील पदपथाची आजची स्थिती दाखवणारी छायाचित्रे सोबत जोडली आहेत. त्यातील खुणा केलेल्या जागी पदपथ आधीपासूनच खचलेला आहे. कृपया स्थळपाहणी करून नोंद घ्यावी.»

पाहणीला कोणी आलं नाही तरी पोच असलेली प्रत तुमच्या फाइलमध्ये राहते, आणि आधीचं नुकसान तुमच्या माथी येत नाही. फुटपाथ नुकताच झाला असेल तर तो ज्या ठेकेदारानं केला त्याच्या दोषदायित्वाच्या कालावधीत, म्हणजे दोष त्यानंच दुरुस्त करायच्या मुदतीत, असू शकतो. त्याचं काम खराब असल्यामुळे फुटपाथ खचला तर त्यानं दुरुस्त करायचा, तुमच्या ट्रकनं खचला तर तुम्ही. कामाचा आदेश आणि दोषदायित्वाची मुदत माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येते.

रस्ता नक्की कोणाचा आहे हेही याच वेळी विचारून घ्या. महापालिका हद्दीतले काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर काही ले-आउटमधले अंतर्गत रस्ते अजून महापालिकेकडे हस्तांतरितच झालेले नसतात. तिथे पत्र सोसायटीला द्यायचं.

पायरी २: फाटकाची पातळी नकाशावरच ठरवा

ही पायरी आर्किटेक्टच्या टेबलावरची आहे, पण फुटपाथचं कायमचं नुकसान इथेच होतं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं आणि पार्किंग उंच घेतलं जातं. शेवटी लक्षात येतं की गाडी आत चढवायला रॅम्प पाहिजे आणि आत जागाच उरलेली नाही. मग तो रॅम्प बाहेर फुटपाथवर ओतला जातो. प्रत्येक फाटकासमोर असा उंचवटा आला की काठी घेऊन चालणारा माणूस किंवा व्हीलचेअर त्या गल्लीतून जाऊच शकत नाही.

उतार तुमच्या हद्दीत घ्या. त्यासाठी फाटकापासून पार्किंगपर्यंतचं अंतर आणि पातळीतला फरक आर्किटेक्टकडून लिहून घ्या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं म्हटलं आहे. फाटकासमोर कर्ब खाली घ्यायचा असेल तर तो पथ विभागाच्या परवानगीनं आणि फक्त कडेच्या पट्टीत घ्या. चालण्याची मधली पट्टी सपाट राहिली पाहिजे.

पायरी ३: ठेकेदाराच्या करारात फुटपाथ आणा

लेबर रेटच्या करारात सहसा फक्त चौरस फुटाचा भाव आणि हप्ते असतात. त्यात हे कलम घाला:

«प्लॉटसमोरील व लगतचा पदपथ, कर्ब, चेंबर, झाडे व भूमिगत वाहिन्या यांचे कामादरम्यान ठेकेदार, त्याचे कामगार किंवा त्याने बोलावलेल्या वाहनांमुळे नुकसान झाल्यास ते महापालिकेच्या मानकांप्रमाणे व परवानगीने दुरुस्त करून देण्याची जबाबदारी ठेकेदाराची राहील. एकूण देयकाच्या ५ टक्के रक्कम पदपथाची पाहणी होईपर्यंत व त्यानंतरचा एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवली जाईल.»

शेवटच्या वाक्यातला पावसाळा मुद्दाम घातला आहे. उन्हाळ्यात नीट दिसणारी दुरुस्ती खालची भर कच्ची असेल तर पहिल्या जोरदार पावसात बसते.

लक्षात ठेवा, साहित्य तुम्ही स्वतः मागवत असाल, म्हणजे ठेकेदाराकडे नुसती मजुरी असेल, तर ट्रकनं केलेलं नुकसान ठेकेदारावर ढकलता येणार नाही. अशा वेळी वाळू-खडीवाल्याला आणि आरएमसी कंपनीला ऑर्डर देतानाच व्हॉट्सॲपवर लिहून कळवा की गाडी फुटपाथवर चढवायची नाही, नुकसान झाल्यास बिलातून वळतं होईल. लेखी संदेश असला की बोलायला आधार राहतो. काम मोठं असेल तर ठेकेदाराची कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क ही बांधकामाची विमा पॉलिसी आहे का आणि तिच्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग घेतला आहे का, तेही बघा.

पायरी ४: फुटपाथ वाचवा

फुटपाथ मोडतो कसा हे एकदा समजलं की उपाय आपोआप सुचतात. पादचाऱ्यांसाठीचा पेव्हर ब्लॉक साधारण ६० मिलिमीटर जाडीचा असतो. त्याखाली वाळूचा पातळ थर आणि त्याखाली दाबलेली खडी-मुरूम. हे सगळं जागच्या जागी धरून ठेवतो तो कडेचा कर्ब. आता वजनं बघा. सहा घनमीटर काँक्रीटचंच वजन साडेचौदा टनांच्या आसपास भरतं, वर मिक्सर गाडीचं स्वतःचं. एक ब्रास वाळू, म्हणजे शंभर घनफूट, साडेचार टनांच्या घरात जाते. असं चाक कर्बवर चढतं तेव्हा कर्ब आधी किंचित कलतो आणि त्याच्या पाठीमागचं काँक्रीट तडकतं. त्या दिवशी नजरेला काहीच दिसत नाही. पण कड सुटल्यामुळे ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, सांध्यांतली वाळू गळते, पाणी आत शिरतं, आणि महिन्याभरात ब्लॉकच्या कोपऱ्यावर पाय ठेवला की तो डगडगतो आणि खालून गढूळ पाण्याची चिळकांडी उडते. म्हणून पहिला उपाय कर्ब वाचवण्याचा.

काही दिवसांचंच काम असेल तर फाटकासमोरच्या पट्ट्यावर जाड प्लॅस्टिक, त्यावर वाळू आणि त्यावर दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटा टाका. कर्बच्या दोन्ही बाजूंना लाकडी ओंडक्यांचा किंवा मुरमाच्या गोण्यांचा उतार करा, म्हणजे चाकाचा धक्का थेट कर्बला बसत नाही. पावसाळी गटाराचं तोंड मात्र त्या उताराखाली बुजू देऊ नका, तिथे पाइपाचा तुकडा ठेवा.

वर्षभराचं काम असेल तर माझं मत वेगळं आहे. पथ विभागाची परवानगी घेऊन प्रवेशाच्या पट्ट्यातले ब्लॉक आणि कर्ब सरळ काढून घ्या, मोजून आत रचून ठेवा आणि तिथे तात्पुरतं साधं काँक्रीट टाका. शेवटी तेच ब्लॉक परत बसतात. प्लेटांखाली वर्षभर चिरडलेले ब्लॉक परत वापरता येत नाहीत, आणि तोच रंग, तोच आकार बाजारात पुन्हा मिळेलच असं नाही.

स्लॅबच्या दिवशी सगळ्यात जास्त धोका असतो. काँक्रीट पंपाचे पाय फुटपाथवर टेकतात, मिक्सरची रांग लागते, रात्र होते. पंप रस्त्यावर उभा राहणार असेल तर स्थानिक वाहतूक पोलिसांची परवानगी आधी घ्या. पंपाच्या पायांखाली जाड फळ्या द्या आणि ते चेंबरपासून लांब टेकवा. आणि मिक्सरची घसरण धुवायला प्लॉटच्या आत एक खड्डा करून ठेवा. हे धुतलेलं सिमेंटचं पाणी फुटपाथवरून पावसाळी चेंबरमध्ये जातं, तळाशी दगडासारखं घट्ट होतं, आणि पुढच्या जूनमध्ये अख्ख्या गल्लीत घोटाभर पाणी साचतं. ब्लॉकवर सांडलेली स्लरी लगेच धुऊन, झाडून आत घ्या, दुसऱ्या दिवशी ती निघत नाही.

राडारोड्याचंही तसंच. बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे २०१६ चे नियम आले तेव्हापासून तो साठवणं, वेगळा करणं आणि ठरलेल्या ठिकाणी पोचवणं ही जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर आहे. १ एप्रिल २०२६ पासून त्याविषयीचे नवे नियम लागू होतात. मुंबईत महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, पुण्याचा राडारोडा वाघोलीच्या प्रक्रिया प्रकल्पाकडे जातो. ट्रॅक्टरवाला «कुठेतरी टाकतो» म्हणाला तर तो कुठे टाकतो ते विचारा आणि पावती मागा.

फुटपाथ थोड्या दिवसांसाठी अडवावाच लागला तर माणसांना जायला वाट ठेवा. पत्रे किंवा हिरवी जाळी लावून कडेला बॅरिकेड, रात्री दिवा आणि वर डोक्यावर काही पडणार नाही असं छप्पर. शाळेची मुलं, बाबागाडी घेऊन जाणारी आई, यांना ट्रकच्या रस्त्यावर उतरवू नका.

झाडाभोवती मिश्रण कालवणं किंवा बुंध्याशी वाळू रचणं टाळा. मुळांना पाणी आणि हवा मिळाली नाही की झाड दोनेक वर्षांत वाळतं, आणि राज्यात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी संरक्षणाचा कायदा आहे.

पायरी ५: पाणी, ड्रेनेज आणि विजेच्या जोडण्या एकदम उरका

जोडण्यांसाठी फुटपाथ खोदावाच लागतो. त्याला खोदाई परवाना घ्या आणि पुनर्स्थापनेचं शुल्क रीतसर चलनानं भरा. इथे नीट वाचा की शुल्क भरल्यावर पूर्ववत करण्याचं काम महापालिका करणार आहे की तुम्ही. हा तपशील परवान्यातच असतो, आणि «मी पैसे भरलेत» विरुद्ध «तुम्हीच करायचं होतं» या वादाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका खोदाईच्या परवानग्या थांबवतात. म्हणून जोडण्या उन्हाळ्यात उरकायचं ठरवा आणि त्यासाठी अर्ज आधीच टाका. तिन्ही जोडण्यांचं वेळापत्रक जुळलं तर फुटपाथ तीनदा उकरावा लागत नाही.

खोदण्याआधी खाली काय आहे ते विचारा. महावितरणची केबल, गॅसची पाइपलाइन, पाण्याची लाइन, फायबर, सगळं याच दोन मीटर पट्ट्यात असतं. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं यासाठी «कॉल बिफोर यू डिग» हे ॲप सुरू केलं आहे. त्याशिवाय स्थानिक कार्यालयांत फोन करा आणि पहिला हातभर खड्डा जेसीबीनं न घेता मजुरांकडून कुदळीनं घ्या.

पायरी ६: नुकसान झालंच तर

त्याच दिवशी फोटो घ्या, गाडीचा नंबर दिसेल असा. खड्डा किंवा उघडं चेंबर असेल तर आधी बॅरिकेड लावा, मग बाकीचं. ठेकेदाराला किंवा पुरवठादाराला लेखी कळवा. वॉर्ड ऑफिसलाही स्वतःहून कळवा. स्वतः सांगणाऱ्या माणसाशी अभियंता वेगळ्या रीतीनं वागतो हे मी बघितलं आहे.

नोटीस आली असेल तर घाबरू नका आणि ती बाजूलाही ठेवू नका. कोणी दिली, कोणत्या कलमाखाली, किती दिवसांची मुदत, हे वाचा. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि संयुक्त पाहणी मागा. पाहणीला तुमचे सुरुवातीचे फोटो आणि पोच असलेलं पत्र घेऊन उभे राहा. लांबी-रुंदी दोघांसमोर मोजली जाऊ दे. खर्चाचं अंदाजपत्रक लेखी मागा, कोणत्या दरसूचीनं काढलं ते विचारा, आणि पैसे चलनानंच भरा. ही रक्कम थकवण्यात अर्थ नाही, कारण मुंबईच्या कायद्यात असा खर्च मालमत्ता कराच्या थकबाकीसारखा वसूल करण्याची सोय आहे.

नुकसान तुमचं नसेल, उदाहरणार्थ केबल टाकणाऱ्या कंपनीनं तुमच्या दारात खोदलं असेल, तर कामाच्या जागेवरचा फलक, तारीख आणि माणसं फोटोत घ्या आणि लगेच तक्रार करा. पुण्यात पीएमसी केअर ॲप आहे, मुंबईत १९१६ हा नंबर. तक्रार क्रमांक जपून ठेवा. तुमचं बांधकाम चालू असताना समोरचा प्रत्येक खड्डा तुमचाच वाटतो, म्हणून ही नोंद लागते.

कोणी पडून जखमी झालं तर आधी दवाखाना. पुढे नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो, आणि तेव्हा बॅरिकेड होतं का, दिवा होता का, परवानगी होती का, हेच विचारलं जाईल.

पायरी ७: पूर्ववत करणं, आणि ते तपासणं

स्वतःच्या मनानं काँक्रीट ओतून फुटपाथ «पक्का» करू नका. खालची वाहिनी दुरुस्त करायला तो परत फोडावा लागतो आणि पाण्याचा उतारही बिघडतो. परवानगी घेऊन, जसा होता तसाच करा.

माती एकदम लोटू नका, साधारण १५० मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर पाणी मारून कॉम्पॅक्टरनं दाबा. त्यावर खडी-मुरमाचा पाया, मग २० ते ४० मिलिमीटर वाळू सारखी पसरलेली. कर्ब आधी बसवा, पाठीमागे काँक्रीटचा टेका द्या आणि तो सुकू द्या. त्यानंतरच ब्लॉक जुन्या नक्षीत बसवा. कडेचे तुकडे कटरनं कापा, मसाल्यानं पोकळी बुजवू नका. प्लेट व्हायब्रेटर फिरवा, सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून भरा आणि पुन्हा एकदा व्हायब्रेटर फिरवा. गवंडी हा दुसरा फेरा टाळतात, तिथे उभे राहून करून घ्या.

पिवळ्या खुणेच्या फरश्या असतील तर त्यांची दिशा बघा. लांब रेघांच्या फरश्या सरळ चालत राहा असं सांगतात, ठिपक्यांच्या थांबा, पुढे काहीतरी आहे असं. दृष्टिहीन माणूस त्या पायानं वाचतो. फरशी उलटी-सुलटी बसली तर तो थेट फीडर पिलरवर जाईल.

झाल्यावर दोन बादल्या पाणी ओता. पाणी गटाराकडे गेलं पाहिजे, तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या फाटकाकडे नाही. चेंबरचं झाकण फुटपाथच्या पातळीत आहे का ते बघा आणि ते उघडून आत सिमेंट साचलं नाही ना तेही तपासा. दोन मीटरची सरळ फळी ठेवली की खोलगट जागा लगेच कळते.

कनिष्ठ अभियंत्याला बोलावून पाहणी करून घ्या आणि काम समाधानकारक झाल्याचा शेरा लेखी घ्या. तो भोगवटा पत्राच्या (घर वापरायला महापालिका देते त्या दाखल्याच्या) अर्जाआधी हातात असलेला बरा, कारण महापालिकेकडे अनामत भरली असेल तर ती परत मागताना आणि ठेकेदाराचा हिशेब मिटवताना तोच कागद लागतो. राखून ठेवलेले ५ टक्के मात्र लगेच सोडू नका. ऑगस्टमध्ये सलग दोन-तीन दिवस पाऊस झाला की फाटकासमोरून चालत जा, कर्बलगतच्या ओळीतल्या प्रत्येक ब्लॉकवर पाय दाबून बघा, आणि जे हलतील ते ठेकेदाराकडून बसवून घेतल्यावरच चेक द्या.